मामाचा फासा

गेल्या आठवड्यापासून माझी मुलगी प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायला लागली आहे, आणि ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

जेवलीस का? हो. झोप लागते का नीट? हो. बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करून घेतलास? हो. आज संध्याकाळी फोनवर शेवटी मीच वैतागून म्हटलं, "अगं, काहीतरी उलट बोल की! बरी आहेस ना?" तर पलीकडून तेवढ्याच सपाट आवाजात आलं, "हो आई."

दुसऱ्या एखाद्या आईचा जीव भांड्यात पडला असता. माझा टांगणीला लागला. कारण या मुलीला आमच्या घरात तिच्या खऱ्या नावानं कुणी फारशी हाकच मारत नाही. तिचं घरातलं नाव 'कशावरून'. घर झोपलं आहे, मला झोप नाही, आणि नुसतं कुशी बदलत पडण्यापेक्षा तिच्याबद्दल लिहून काढावं म्हणून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आहे.

नाव ठेवलं तिच्या मामानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंतभर घड्याळं टांगलेली, आणि दुरुस्तीला आलेली असल्यामुळे प्रत्येकात वेगळी वेळ. ही चार-पाच वर्षांची असेल. मामानं तिला काउंटरवर बसवलं आणि एका गोल घड्याळाकडे बोट दाखवून ऐटीत सांगितलं, "या सगळ्यांत हे एकच बरोबर आहे बरं का!"

हिनं सगळी भिंत एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली आणि विचारलं, "कशावरून?"

मामानं मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "हे बघ, याच्याशी जुळतं."

"आणि हे बरोबर आहे, ते कशावरून?"

मामानं हात जोडले. "ताई, हिला घरी ने. ही माझं दुकान बंद पाडणार." तेव्हापासून ती कशावरून. शाळेच्या दाखल्यावर सोडून सगळीकडे.

तिच्या या खोडीचा दोष सगळे मला देतात. मी निवृत्त होईपर्यंत एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, बहुतेक शाळेच्या पाठ्यपुस्तकांची. घरी गठ्ठा आणायचे आणि याच टेबलावर पसरायचे. ती खाली, माझ्या पायांशी, रद्दी झालेल्या पानांवर चित्रं काढत बसायची. आमच्या छापखान्यात एक नियम होता. मजकुरात शंका आली तर मुद्रितशोधकानं समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. उत्तर शोधायचं काम लेखकाचं. पण एकदा काढलेलं प्रश्नचिन्ह आपण खोडायचं नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं ते समासात लिहायचं आणि मग प्रश्नचिन्हही त्यानंच खोडायचं. आमचे फोरमन मोठे कडक. पान छपाईला आलं आणि समासात एखादं प्रश्नचिन्ह उघडं दिसलं, की यंत्र थांबवायचे. "अजून दार उघडं आहे बाई," म्हणायचे.

एकदा मी चहा करायला उठले आणि परत येऊन बघते तर तिसरीच्या पुस्तकाच्या मुद्रितावर पेन्सिलीनं एक वाकडंतिकडं प्रश्नचिन्ह. वाक्य होतं, 'आमच्या गावातले सगळे लोक आनंदी आहेत.' मी रागावले, पण खोडणार कशी? नियम म्हणजे नियम. पान तसंच गेलं. लेखक सज्जन होते. त्यांनी 'सगळे' काढून 'बरेच' केलं आणि समासात लिहिलं, 'शंका रास्त.' ते वाचून हिनं घरभर उड्या मारल्या होत्या.

पण तिच्या आयुष्यातला खरा प्रश्न निघाला तो मामाच्या फाशातून.

सुट्टीत ती मामाकडे राहायला जायची. दुपारी दुकान बंद करून मामा तिच्याशी सापशिडी खेळायचा. तिचा फासा लाल, मामाचा पांढरा. आणि ती जिंकायची. रोज. मी आणायला गेले की बसमध्ये घर येईपर्यंत तेच. मामा सापाच्या तोंडी कसा गेला, मामा कसा रडकुंडीला आला. लेकरू फुलून यायचं.

मग एका दुपारी मामाला गिऱ्हाइकामुळे यायला उशीर झाला. ही एकटीच लाल फासा टाकत बसली आणि किती पडले त्याच्या रेघा खडूनं फरशीवर ओढत गेली. मामा जेवायला आला तेव्हा एकाखाली दोन-तीन रेघा, दोनाखाली थोड्या आणि सहाखाली अशी झुडपं उगवलेली.

"मामा, याला सहाच का आवडतो?"

मामा आधी हसला, मग त्यानं सगळं कबूल केलं. त्यानं घड्याळाच्या बारीक हत्यारानं लाल फाशाच्या एकाच्या टिपक्यातून भोक पाडून आत शिसं भरलं होतं आणि वरून रंग दिला होता. जड बाजू खाली जायची, सहा वर यायचा. फासा तिच्याच हातात द्यायचा, म्हणजे भाची जिंकावी.

तिला न्यायला मीही त्याच दुपारी पोचले होते; मला वाटलं, ती हसेल. ती रडली. इतकी रडली की मामाचा जेवणाचा घास तसाच राहिला. "म्हणजे मी एकदाही जिंकले नव्हते," एवढंच ती म्हणत राहिली. मामा काकुळतीला येऊन सांगत होता, "अगं बाळा, तुझ्या भल्यासाठीच केलं गं." ती म्हणाली, "मग मला सांगितलं का नाहीस?"

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही ती कौतुकानं सांगत राहिलो असतो. पण मामानं तो फासा फेकला नाही. कारागिराचा जीव, आपल्या हातचं काम फेकवेना. ठेवला खणात. तो त्याच्या थोरल्या मुलाच्या हाती लागला. पोरगा वाईट नव्हता, पण असा फासा हाती लागल्यावर कोण काय करेल? महिनाभरात त्यानं गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या गोट्या जिंकल्या, आणि दिवाणखान्यात बसून आपल्या या बहिणीला त्याच लाल फाशानं ओळीनं हरवलं. तिनं ओळखलंही. पण कुणी तिची बाजू घेतली नाही, कारण फासा तर मामानंच बनवलेला, तोही तिच्यासाठी.

पुढे ती गणित शिकली. आणि लागली कुठे कामाला, तर फासे तपासायला. मी असं म्हटलं की ती चिडते, पण काम तेच आहे.

तिची कंपनी लहानशी आहे, एका इमारतीच्या दोन मजल्यांवर. ती मंडळी अदृश्य कुलुपं बनवतात. आपण फोनवरून निरोप पाठवतो, दवाखाना पेशंटचा कागद पाठवतो, त्याचा वाटेत कुणालाही कळणार नाही असा लगदा करायचा आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडेच तो पुन्हा निरोप व्हायचा. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. प्रत्येक कुलपाला नवी किल्ली लागते आणि किल्ली बनते आकड्यांची. ते आकडे असे हवेत की पुढचा कोणता पडेल ते जगात कुणालाच सांगता येऊ नये. म्हणजे फासाच. मुलीचं काम एवढंच, की कंपनीचा हा न दिसणारा फासा वाकडा तर नाही ना, ते बघत राहायचं. ती मला समजावताना म्हणाली होती, "आई, कुलूप फोडणं महाकठीण असतं. पण पुढचा आकडा ज्याला ओळखता येतो, त्याला फोडायची गरजच काय? त्याच्याकडे किल्ली आधीच असते."

तिच्या कंपनीत एक रीत आहे, ती मला फार आवडते. काही ठिकाणी त्यांना मुळाचा एखादा मोठा आकडा एकदाच निवडून कायमचा बसवावा लागतो. हा आकडा कुणी एकट्यानं निवडला तर उद्या कुणीही म्हणेल, की यानं सोयीचा निवडला. म्हणून त्या दिवशी सगळे कॅन्टीनमध्ये जमतात. मालकीणबाईंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर करायच्या, म्हणजे आत काही लपवलेलं नाही हे दिसावं. मग एका मोठ्या पातेल्यात एकेकानं फासा टाकायचा आणि चहावाल्यानं मोठ्यानं आकडा ओरडायचा. तो फळ्यावर लिहिला जातो. याला ते 'बाह्या वर' म्हणतात.

कंपनी नव्या जागेत गेली तेव्हा त्यांनी घरच्यांनाही बोलावलं होतं. मालकीणबाई मला म्हणाल्या, "काकू, स्वेटरच्या बाह्यासुद्धा हं!" माझ्या हातून तीन पडला. चहावाला "तीऽऽन!" म्हणून ओरडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी लेकीला विचारलं, "एवढी हुशार माणसं तुम्ही, एकमेकांवर विश्वास नाही का?" ती म्हणाली, "आहे ना. पण बाह्या वर केल्या की तो वापरावा लागत नाही." माझा तीन अजून कितीतरी लोकांच्या खिशात फिरत असेल. कधी कधी बसमध्ये फोन बघणाऱ्या माणसांकडे पाहून मला उगाच लाज वाटते आणि बरंही वाटतं.

आता जे झालं ते सांगते.

कुलुपं कशी असावीत हे ठरवणारं एक सरकारी खातं आहे. त्या खात्यानं आकडे पाडायची एक नवी कृती काढली आणि सांगितलं, सरकारी दवाखान्यांना कुलुपं विकायची असतील तर ही कृती वापरा, आम्ही तपासून शिक्का देऊ. कृती छापील, उघड, कुणीही वाचावी अशी. तिच्यात सुरुवातीलाच दोन लांबलचक आकडे दिले होते. ते तसेच घ्यायचे.

मुलीनं महिनाभर ती कृती घासली. तिच्याकडे जेवढ्या चाचण्या आहेत तेवढ्या लावल्या. सगळ्यांत पास. मग तिनं अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहिली, 'हे दोन आकडे कसे निवडले, ते आम्हाला सांगण्यात आलेलं नाही.'

त्या ओळीवरून हे सगळं.

तिनं मला फोनवर समजावलं. "आई, हे दोन आकडे ज्यानं निवडले, त्यानं निवडतानाच त्यांच्यातलं एक नातं स्वतःपाशी ठेवलं असेल, तर आपला थोडासा मासला बघून त्याला पुढचे सगळे आकडे सांगता येतील. बाकी कुणालाही काही दिसणार नाही. मलाही नाही."

"पण तू तर तपासलंस ना?"

"तेच तर. मामाचा फासा रेघा ओढून पकडता आला. हा तसा पकडता येत नाही. हा सरळच पडतो. फक्त तो कुठे पडणार, ते एकाला ठाऊक असू शकतं. इथे चाचणी नाही चालत आई. फक्त विचारता येतं."

"आणि ठाऊक नसेलच कुणाला तर? उगाच शंका असेल तर?"

"तर सांगू दे ना, असे निवडले म्हणून. बाह्या वर करायला काय जातं?"

तिनं खात्याला लिहून विचारलं. पत्राला उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी एक गृहस्थ आले. अंगात कायम स्वेटर, म्हणून त्यांना ती 'स्वेटरवाले' म्हणते. खात्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आणखी एक कचेरी आहे, तिच्या दारावर पाटी नाही. हे तिथले. मुलीनं मला त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली होती. हळू बोलतात, कप दोन्ही हातांनी धरतात.

"तुमचा प्रश्न पोचला आमच्याकडे," ते कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता म्हणाले.

"आणि उत्तर?"

"ते आकडे जाणकार लोकांनी काळजीपूर्वक निवडले आहेत."

"कशावरून?"

शेजारच्या टेबलावरचे सगळे फिस्सकन हसले. स्वेटरवाल्यांना कळेना. चहावाल्यानं सांगितलं, "साहेब, हे त्यांचं नाव आहे." तेव्हा तेही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मी काही कबूल करत नाहीये, हे आधी सांगतो. नुसती एक गोष्ट सांगतो. माझ्या टेबलाच्या खणात एक फोन आहे. ज्या माणसानं बसस्टॉपवरून एका मुलीला नेलं, त्याचा. तो माणूस मेला, फोन बंद कुलपात. मुलगी अजून सापडलेली नाही. तिची आई मला दर महिन्याला फोन करते. मी तिला काय सांगू? तुमचं कुलूप फार उत्तम आहे म्हणून?"

खोटं कशाला लिहू? मी त्या आईच्या जागी असते तर जगातली सगळी कुलुपं फोडा म्हटलं असतं, आधी माझ्या घराचं फोडा. मी मुलीला म्हटलंही, "अगं, तो माणूस चूक काय बोलला?"

"चूक नाही बोलला," ती म्हणाली. "मला तो आवडला. खरंच."

"मग तू काय म्हणालीस?"

"मामाची गोष्ट सांगितली."

सगळी सांगितली म्हणे, लाल फाशापासून थोरल्याच्या गोट्यांपर्यंत. आणि शेवटी सांगितलं, की आमचं कुलूप एका आधारगृहातही आहे. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बाया तिथे राहतात आणि त्या नेमक्या कुठे आहेत, ते त्यांच्या निरोपांतच असतं. त्यातल्या एकीचा नवरा पोलिसात आहे. "साहेब, त्या बाईलाही आई आहे. आकड्यांमधलं नातं आज तुमच्या खणात असेल. खण कायम तुमचाच राहील, कशावरून?"

स्वेटरवाल्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. उठताना म्हणाले, "तुमचा मामा भला माणूस दिसतो."

"हो. आणि त्याचा मुलगाही वाईट नाही. फासा फक्त त्याच्या हाती लागला."

त्यांनी जाताना पातेल्याकडे पाहिलं. कॅन्टीनच्या कपाटावर ते उपडं ठेवलेलं असतं. आकड्यांचं उत्तर मात्र दिलं नाही.

यानंतर मालकीणबाईंनी तिला बोलावलं. बाई चांगल्या आहेत, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. स्वतःच्या राहत्या खोलीत त्यांनी ही कंपनी सुरू केली होती. त्या म्हणाल्या, "तुझा प्रश्न खरा आहे गं. पण त्याला उत्तर देणारं कुणी नाही, आणि प्रश्न उघडा असलेल्या अहवालावर ते शिक्का मारत नाहीत."

"कृतीच्या पुरवणीत लिहिलंय, स्वतःचे आकडे घेतले तरी चालेल. चला ना, बाह्या वर करू."

"मीही वाचलंय ते. चालेल, पण मग शिक्का नाही. आणि शिक्का नाही तर दवाखाने नाहीत. बाहेर बघ, किती टेबलं आहेत. तुझ्या चाचण्या पास झाल्यात ना? तेवढंच लिही. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नाही, हाच तर पेच आहे.

गेल्या रविवारी ती घरी आली. जेवायला बसलो होतो. ह्यांना सगळी हकिकत ठाऊक होतीच. हे स्वभावानं भित्रे नाहीत, पण मुलीच्या बाबतीत बाप भित्राच असतो. वाढून घेत म्हणाले, "हे बघ, तू विचारलंस, तुझं काम झालं. एका ओळीपायी सगळ्यांचं घोडं अडवू नये. काढून टाक आणि मोकळी हो."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता ती म्हणणार, कशावरून माझं काम झालं? मग बापलेकीची तास-दीड तास जुंपणार आणि भात गार होणार. तिनं चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाली, "हो बाबा."

तो पहिला 'हो'.

तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मी तिला आणखी वाढलंसुद्धा. जेवण झाल्यावर मामाचा फोन आला. त्याला ह्यांनी सांगितलं, भाची ऐकायला लागली. मामा तिला चिडवायला गेला, "काय गं कशावरूनताई, आता काय नाव बदलून होयबा ठेवायचं का?" एरवी तिनं त्याला फोनवरच फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी "ठेव" म्हणाली आणि फोन माझ्या हाती दिला. मामानं मला विचारलं, "ताई, हिला काय झालंय?" मी म्हटलं, दमली आहे.

निघताना ती दारात चप्पल घालत होती. मी डबा पिशवीत ठेवून दिला. "नीट पोचलीस की कळव," म्हटलं. "हो." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

आज संध्याकाळच्या फोनचं शेवटचं बोलणं असं झालं.

"ती ओळ?"

"काढली."

"मग आता?"

"सकाळी मालकीणबाईंच्या टेबलावर जाईल अहवाल. त्या दुपारी पाठवतील."

"बरं वाटतंय ना आता तुला?"

"हो आई."

मी फोन ठेवला, ह्यांना गोळी दिली, गॅस बंद आहे ना बघितलं आणि झोपायला गेले. पाठ टेकली तेव्हा डोक्यात आमचे फोरमन आले. ते असते तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की बाई, प्रश्नचिन्ह खोडलं कुणी? उत्तर देणाऱ्यानं, की विचारणारीनं?

मला नोकरीची भीती वाटत नाही असं नाही. वाटते, खूप वाटते. ओळ ठेवली तर मालकीणबाई तिला काढतील, असं नाही, पण शिक्का गेला म्हणून सगळे तिच्याकडे बघतील. शेजारच्या टेबलावरचे, जे तिच्या नावावर हसतात तेच. ती एकटी राहते. भाड्याची खोली, खाली बेकरी, समोर दवाखाना. आजारी पडली तर मी बसनं पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. आणि ती बसस्टॉपवरची मुलगी. तिच्या फोन करणाऱ्या आईचा चेहरा मी पाहिलेला नाही, तरी डोळे मिटले की समोर येतो. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कदाचित ते आकडे खरंच कुणी प्रामाणिकपणे निवडले असतील. कदाचित त्यांच्यात काहीच नसेल.

पण मग त्यांनी सांगावं. माझ्या मुलीनं कुणावर आरोप केलेला नाही. कृती वापरू नका असंही म्हटलेलं नाही. तिनं समासात एक प्रश्नचिन्ह काढलं आहे. ज्याला ते नको आहे त्यानं उत्तर लिहावं आणि खोडावं.

आणि एक गोष्ट आहे. फरशीवर रेघा ओढून ती रडली होती, तेव्हा आम्ही सगळे तिला समजावत होतो, की अगं, जाऊ दे, खेळच तर होता. ती आमच्या समजावण्यानं शांत झाली नव्हती. रात्री तिनं तो लाल फासा मामाच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आता पांढऱ्यानं खेळू. हरले तर हरले." आणि हरली. ओळीनं हरली, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला मोठ्या खुशीत सांगत आली, की मामानं काल मला खरं हरवलं. ती मुलगी होयबा होऊन जगेल, नोकरी टिकवेल, माझ्या प्रत्येक फोनला बरं उत्तर देईल. आणि मी रोज संध्याकाळी तिची चौकशी करून, हो ऐकून, जेवायला बसेन. हे मला जमणार नाही.

अहवाल अजून तिच्याकडेच आहे. सकाळपर्यंत एक ओळ परत घालायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा आत्ताच फोन लावते. झोपली असेल तर दचकून उठेल, पहिलं विचारेल, बाबांना काही झालं का? सांगेन, बाबा ठणठणीत आहेत, इथवर घोरणं ऐकू येतंय. मग सांगेन, ओळ परत घाल. तुझ्याकडे तिचं उत्तर नाही, तेव्हा ती खोडायचा हक्क तुलाही नाही. मालकीणबाईंना खोडायची असेल तर त्यांनी खोडावी, त्यांच्या सहीनं. उद्या काही झालंच, तर मधली खोली रिकामीच आहे, हे टेबलही आहे. बाबांना मी बघते. आणि मामालाही सांगू, तो तर बाह्या वर करून पातेलं घेऊनच येईल.

ती म्हणेल, "आई, झोप तू. सगळं ठीक आहे आता."

तेव्हा मी विचारणार आहे, कशावरून?